मास्ट पेशींचे विकार आणि ॲलर्जी : ओळख, उपचार आणि रोजची काळजी

अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली की मराठी घरात एकच वाक्य ऐकू येते : "पित्त उठलंय." मग आमसुलाचे पाणी अंगाला लावले जाते, मेडिकलमधून एखादी गोळी आणली जाते आणि बहुतेक वेळा काही तासांत सगळे शांतही होते. पण काहींच्या बाबतीत हे पित्त पुन्हा पुन्हा उठते. सोबत पोटात कळा येतात, जुलाब होतात, छाती धडधडते, चक्कर येते. कधी शुद्ध हरपते. चेहऱ्यावर लाली येण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ, पोटासाठी पोटविकारतज्ज्ञ आणि धडधडीसाठी हृदयरोगतज्ज्ञ असे फेरे सुरू होतात. प्रत्येक तपासणी 'नॉर्मल' येते.

अशा वेळी एक शक्यता तपासावी लागते. ही सगळी लक्षणे एकाच प्रकारच्या पेशींमुळे होत असू शकतात. त्या म्हणजे मास्ट पेशी. त्यांचे विकार विरळ आहेत, पण त्यांच्याशी जगताना लागणारी काळजी आणि साध्या ॲलर्जीची काळजी बरीचशी सारखीच असते. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या मराठवाड्यातले ऊन, गवत, मधमाश्या आणि खाण्याच्या सवयी लक्षात घेतल्या तर ही काळजी नेमकी कशी घ्यायची, हे समजणे सोपे जाते.

मास्ट पेशी म्हणजे काय?

मास्ट पेशी या शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील पेशी आहेत. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. या पेशी दाणेदार कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून त्यांनी 'खाऊन पुष्ट झालेली' अशा अर्थाचे जर्मन नाव त्यांना दिले.

शरीराचा बाहेरच्या जगाशी जिथे संबंध येतो तिथे या पेशी जास्त असतात : त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडी. रक्तवाहिन्यांभोवतीही त्या असतात. त्यांच्यातील कणांमध्ये हिस्टामिन, ट्रिप्टेज अशी अनेक रसायने साठवलेली असतात. जंत, जंतू किंवा विष शरीरात शिरले की ही रसायने बाहेर पडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते, श्लेष्मा वाढतो, आतडी जोरात हलतात. धोका बाहेर फेकण्याची ही शरीराची रीत आहे.

अडचण येते ती हीच यंत्रणा निरुपद्रवी गोष्टीवर किंवा काहीही कारण नसताना सुरू झाली की. मास्ट पेशी सर्वत्र असल्यामुळे लक्षणेही एकाच वेळी अनेक अवयवांत दिसतात.

ॲलर्जी आणि मास्ट पेशींचा विकार यांत फरक काय?

ढोबळमानाने तीन गट करता येतात.

१. नेहमीची ॲलर्जी. शेंगदाणे, परागकण, धुळीतील माइट, मधमाशीचे विष अशा ठरावीक पदार्थाविरुद्ध शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे त्यांचा शोध लावला. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की पेशी फुटल्यासारखी रिकामी होते. इथे पेशी ठीक असतात, इशारा चुकीचा असतो.

२. मास्टोसायटोसिस. यात मास्ट पेशींची संख्याच वाढते. प्रौढांमध्ये बहुतेक वेळा केआयटी नावाच्या जनुकात डी८१६व्ही हा बदल सापडतो. हा बदल सहसा आईवडिलांकडून येत नाही, जन्मानंतर पेशीत घडतो. काही रुग्णांत आजार त्वचेपुरता असतो. तपकिरी-लालसर डाग दिसतात आणि ते चोळले की फुगतात. काहींमध्ये तो अस्थिमज्जा, हाडे, यकृत, प्लीहा किंवा आतड्यांपर्यंत पोहोचतो.

३. मास्ट सेल ॲक्टिव्हेशन सिंड्रोम. इथे पेशी वाढलेल्या असतीलच असे नाही, पण त्या वारंवार आणि जोरात सक्रिय होतात. २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने त्याचे तीन निकष मांडले : दोन किंवा अधिक अवयवसंस्थांत वारंवार येणारे झटके, झटक्याच्या वेळी रसायनांची रक्तात दिसणारी वाढ आणि मास्ट पेशींवरच्या औषधांनी पडणारा फरक. तिन्ही निकष पूर्ण व्हावे लागतात.

हा तिसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. अलीकडे थकवा, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी अशा कोणत्याही लक्षणावर हे नाव चिकटवले जाते. तपासणीशिवाय ते स्वीकारले तर थायरॉइड, काही दुर्मीळ गाठी, रक्तदाबाचे विकार किंवा तीव्र चिंतेचे झटके अशी खरी कारणे नजरेआड राहतात. उलट, खरा आजार असलेल्या रुग्णाला "मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवणे हीही तितकीच मोठी चूक आहे. दोन्हींवर उपाय एकच : वेळेवर केलेली तपासणी.

निदान : रक्त कधी काढायचे?

ट्रिप्टेज हे प्रामुख्याने मास्ट पेशींतून येणारे रसायन आहे. त्याची रक्तातील पातळी हा निदानाचा मुख्य आधार. पण ती पातळी झटक्यानंतर काही तासांत उतरते. त्यामुळे आठवडाभराने केलेली तपासणी 'नॉर्मल' आली तरी झटका मास्ट पेशींचा नव्हता, असे म्हणता येत नाही.

योग्य पद्धत अशी :

• पहिला नमुना झटका सुरू झाल्यापासून साधारण १ ते ४ तासांत.
• दुसरा नमुना पूर्ण बरे वाटल्यावर, किमान २४ तासांनंतर. ही रुग्णाची मूळ पातळी.
• मूळ पातळीच्या १.२ पट अधिक २, इतकी किंवा त्याहून जास्त पातळी झटक्यात दिसली तर मास्ट पेशी सक्रिय झाल्याचे मानले जाते. उदाहरणार्थ, मूळ पातळी ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर झटक्यात ती ८ किंवा जास्त असायला हवी.

मूळ पातळीच २० पेक्षा जास्त असेल तर मास्टोसायटोसिसचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी केआयटी जनुकाची आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी होते. काही कुटुंबांत ट्रिप्टेजच्या जनुकाची जादा प्रत वंशपरंपरेने येते आणि पातळी कायमच थोडी जास्त असते. त्यामुळे एका आकड्यावरून निष्कर्ष काढला जात नाही.

ट्रिप्टेजची तपासणी प्रत्येक गावातल्या लॅबमध्ये होत नाही. पण रक्त वेळेत काढून त्यातील सीरम वेगळे ठेवले तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. म्हणून वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाने "तातडीच्या विभागात आल्यावर ट्रिप्टेजसाठी रक्त काढावे" अशी डॉक्टरांची चिठ्ठी आधीच जवळ ठेवणे फायद्याचे ठरते. संभाजीनगरमध्ये 'घाटी' या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ पासून मराठवाड्यातील रुग्णांचा मोठा आधार आहे. औषधवैद्यक आणि त्वचारोग या दोन विभागांपासून शोधाची सुरुवात करता येते.

गाजर गवताची खाज मात्र वेगळी

मराठवाड्यात त्वचेच्या ॲलर्जीचे एक मोठे कारण म्हणजे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. भारतात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले आणि पुढे पडीक रान, रस्त्याच्या कडा, शेताचे बांध सगळीकडे पसरले. त्याच्या स्पर्शाने आणि हवेतून उडणाऱ्या कणांनी चेहरा, मान, पापण्या, कोपराच्या खोबणी अशा उघड्या भागांवर खाजरा, जाड होत जाणारा चट्टा येतो. निंदणी-खुरपणी करणाऱ्यांना त्याचा जास्त त्रास होतो.

हा त्वचारोग मास्ट पेशींमुळे होत नाही. तो टी-पेशींमुळे होतो आणि संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उमटतो. म्हणून पित्ताच्या गोळीने तो बरा होत नाही. त्याची तपासणी पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात आणि उपचारात लावण्याची औषधे व गवतापासून बचाव यांवर भर असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडावर रुमाल आणि कामानंतर लगेच अंघोळ एवढ्यानेही फरक पडतो. याच गवताचे परागकण काहींना शिंका आणि दमा मात्र देतात. ती आयजीईची, म्हणजे मास्ट पेशींची ॲलर्जी असते.

सोपी खूण : मास्ट पेशींच्या गांधी मिनिटांत उठतात आणि एक गांध सहसा २४ तासांच्या आत डाग न ठेवता मावळते. दिवसेंदिवस तिथेच राहणारा चट्टा दुसऱ्या कारणाचा असतो.

आजार कशाने चाळवतो?

प्रत्येक रुग्णाची कारणे वेगळी असतात. तरी काही गोष्टी वारंवार आढळतात.

ऊन आणि तापमानातील बदल. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. भर दुपारी दुचाकीवरून येऊन थेट एसीच्या गारव्यात बसणे, कडकडीत पाण्याची अंघोळ, उन्हातले श्रम यांमुळे काहींना झटका येतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बाहेरची कामे, कोमट पाणी, सैल सुती कपडे आणि पुरेसे पाणी पिणे हे साधे उपाय इथे औषधाइतकेच उपयोगी पडतात.

मधमाशी आणि गांधीलमाशी. मास्टोसायटोसिसच्या रुग्णांत दंशानंतर जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका बराच जास्त असतो. काहींचा आजार तर अशा दंशानंतरच लक्षात येतो. अजिंठ्याच्या कड्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळे असतात आणि माश्या उठल्याचे प्रसंग तिथे घडलेले आहेत. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. म्हणजे मोठे रुग्णालय गाठायला दोन तास लागू शकतात. अशा रुग्णाने तिथे जाताना एकट्याने जाऊ नये, उग्र अत्तर टाळावे, औषधे पिशवीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवावीत. काटा त्वचेत राहिला तर तो नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचे.

वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे काही रुग्णांत मास्ट पेशींचा झटका आणतात. अंगदुखी आणि सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत ती असतात. म्हणून चिठ्ठीशिवाय 'अंगदुखीची एक गोळी द्या' हे धोक्याचे. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. कोडिन, मॉर्फिन, काही प्रतिजैविके, स्कॅनसाठी शिरेतून देण्याचा रंग आणि भुलीची काही औषधे यांबाबतही डॉक्टरांना आधी सांगावे लागते. रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर झटका जास्त तीव्र होऊ शकतो आणि ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होतो. मात्र त्या स्वतःहून अचानक बंद करू नयेत.

अन्न. खरी अन्नाची ॲलर्जी असेल तर तो पदार्थ पूर्ण टाळावा लागतो. महाराष्ट्रात शेंगदाण्याची ॲलर्जी सांभाळणे अवघड, कारण कूट उसळीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत न दिसता असते. पंगतीत "यात दाणे आहेत का?" असे न विचारता "कूट किंवा शेंगदाण्याचे तेल वापरलंय का?" असे विचारावे. नीट थंड न ठेवलेल्या बांगड्यासारख्या माशांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. समुद्रापासून दूरच्या शहरात मासे घेताना हे लक्षात ठेवावे. मद्य आणि खूप तिखट जेवण काहींना त्रास देते.

पण इंटरनेटवरच्या याद्या पाहून टोमॅटो, वांगी, दही, डाळी, लोणची असे एकेक करून सगळेच सोडण्यात अर्थ नाही. कमी हिस्टामिनच्या आहाराचा पुरावा मर्यादित आहे. एखादा पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करून, पुन्हा खाऊन, नोंद ठेवून ठरवावे. आधी तीव्र झटका आलेला असेल तर हा प्रयोग फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. लहान मुलांचा आहार तर सल्ल्याशिवाय कधीच कमी करू नये.

याशिवाय ताप, अपुरी झोप, मानसिक ताण, त्वचेला बसणारे घर्षण हीही कारणे असतात. अनेकदा एक कारण सहन होते, पण उपास, जागरण आणि ऊन एकत्र आले की झटका येतो.

रोजचे उपचार

आजार मुळापासून जाईलच असे नाही, पण झटके कमी करता येतात.

• सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही हिस्टामिनरोधक औषधे पायाची. त्रास झाला तेव्हाच न घेता ती रोज ठरल्या वेळी घ्यावी लागतात. गरज पडल्यास डॉक्टर मात्रा नेहमीपेक्षा वाढवतात. ती स्वतःहून वाढवू नये.
• फॅमोटिडिनसारखी, ॲसिडिटीसाठी ओळखली जाणारी औषधे हिस्टामिनचा दुसरा मार्ग अडवतात.
• पोटाच्या त्रासासाठी सोडियम क्रोमोग्लायकेट, काहींना मॉन्टेल्युकास्ट. मॉन्टेल्युकास्टमुळे मनःस्थिती बिघडू शकते, त्यामुळे घरच्यांनी लक्ष ठेवावे.
• वारंवार तीव्र झटके येत असतील तर ओमालिझुमॅबचे इंजेक्शन. ते महाग आहे, पण काही रुग्णांत झटके लक्षणीय कमी करते.
• केआयटी बदल असलेल्या मास्टोसायटोसिससाठी मिडोस्टॉरिन आणि ॲवाप्रिटिनिब ही नेमक्या लक्ष्यावर काम करणारी औषधे गेल्या काही वर्षांत आली आहेत. ती रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात.

मास्टोसायटोसिसमध्ये हाडे ठिसूळ होऊ शकतात. म्हणून हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासले जाते. लहान मुलांमधील त्वचेपुरता मास्टोसायटोसिस मात्र बहुतेक वेळा किशोरवयापर्यंत ओसरतो, ही पालकांना दिलासा देणारी गोष्ट.

ॲनाफिलॅक्सिस : आधी ॲड्रेनलिन, मग बाकी सगळे

गांधींसोबत घसा आवळणे, आवाज बसणे, धाप, शिट्टीसारखा श्वास, सतत उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही असेल तर ते 'पित्त' नाही. ते ॲनाफिलॅक्सिस आहे. काही वेळा गांधी उठतच नाहीत, थेट रक्तदाब कोसळतो.

यावर पहिले औषध एकच : ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ०.३ मिलिग्रॅम, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना ०.१५ मिलिग्रॅम. ५ मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा.

अनेक ठिकाणी आधी फेनिरामिन आणि डेक्सामेथासोनचे इंजेक्शन दिले जाते. ही औषधे खाज आणि सूज कमी करतात, पण कोसळलेला रक्तदाब उचलत नाहीत आणि बंद होणारी श्वासनलिका वेळेत उघडत नाहीत. त्यांच्यामुळे ॲड्रेनलिनला उशीर झाला तर तो जिवावर बेततो. आमसुलाचे पाणीही फक्त साध्या गांधींसाठी ठीक, इथे नाही.

ॲड्रेनलिन दुर्मीळ नाही. त्याची ॲम्प्यूल स्वस्त असते आणि ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. लसीकरणाच्या ठिकाणी ॲनाफिलॅक्सिसचे किट ठेवले जाते. त्यामुळे खेड्यात झटका आला तर शहराकडे गाडी पळवण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनलिन मिळते का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

परदेशात वापरले जाणारे, मांडीवर दाबले की आपोआप मात्रा देणारे पेन भारतात सहज मिळत नाही. म्हणून धोका जास्त असलेल्या रुग्णाला डॉक्टर ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुई यांचे किट लिहून देतात आणि रुग्णासह घरातल्या दोघांना तरी ते वापरायला शिकवतात. शिकल्याशिवाय ते वापरू नये. किट उन्हात उभ्या गाडीत किंवा डिकीत ठेवू नये. उष्णता आणि प्रकाशाने औषध खराब होते. द्रव तपकिरी दिसला किंवा मुदत संपली तर बदलावे.

सोबत :

• १०८ वर फोन करावा.
• रुग्णाला झोपवून पाय उंच करावेत. धाप असेल तर बसू द्यावे, गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर झोपवावे.
• बरे वाटले तरी अचानक उभे करू नये, चालवत नेऊ नये.
• रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहावे. काहींना झटका काही तासांनी पुन्हा येतो.

नोंदवही आणि खिशातले कार्ड

मास्ट पेशींच्या रुग्णासाठी साधी वही मोठे काम करते. तारीख, वेळ, त्याआधीच्या चार-सहा तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, ऊन, श्रम, पाळी, झोप आणि लक्षणे किती वेळ टिकली, एवढे लिहावे. गांधी किंवा सुजेचा मोबाइलवर फोटो काढावा. डॉक्टरांपुढे जाईपर्यंत त्या मावळलेल्या असतात.

पाकिटात एक कार्ड असावे. त्यावर आजाराचे नाव, टाळायची औषधे, चालू औषधे, ट्रिप्टेजची मूळ पातळी, "झटका आल्यास ॲड्रेनलिन द्यावे" ही सूचना आणि घरच्यांचा फोन नंबर असावा. दात काढणे, प्रसूती, एन्डोस्कोपी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ते भूलतज्ज्ञांना दाखवावे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वर्गशिक्षकांना आणि रिक्षावाल्या काकांनाही हीच माहिती दोन वाक्यांत सांगून ठेवावी.

पुढचा झटका कधी येईल याची भीती हीही या आजाराचा भाग आहे. लोक लग्नकार्यात जेवणे सोडतात, प्रवास टाळतात, घरातली बाई सगळ्यांसाठी रांधून स्वतः दूधभातावर राहते. या भीतीबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा नाही. समुपदेशन घेतले म्हणजे आजार मानसिक ठरत नाही. रोजची गोळी, ओळखीची झालेली कारणे, हाताशी असलेले ॲड्रेनलिन आणि ते देता येणारा घरातला माणूस एवढी तयारी असेल तर बहुतेक रुग्णांना शेत, शाळा, नोकरी आणि पंगत यांपैकी काहीच कायमचे सोडावे लागत नाही.